लाइट धरणारा दगडोबा

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. तुळशीची लग्नं व्हायची होती, त्यामुळे लगीनसराईला अजून अवकाश होता. पुसेगावच्या शाळेतून मी नर्सीला घरी परतलो, तर समोरच्या ओट्यावर दगडोबा येऊन बसलेला. मला बघताच उठला, मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "हे वाच. आन् खरं सांग."

जाहिरात होती. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेची. घरबसल्या फोटोग्राफी शिका, चार महिन्यांचा पहिला टप्पा, चार महिन्यांचा दुसरा, शेवटी प्रमाणपत्र. पंधरा दिवसांत पसंत पडलं नाही तर फी परत.

"काय सांगू?" मी विचारलं. म्हणजे ओठ हलवून विचारलं. दगडोबाला ऐकू येत नाही.

"करावा का न्हाई, ते सांग. फी भरल्याजोगा हाय का?"

आम्ही दोघंही बेचाळीस वर्षांचे. गावच्या जिल्हा परिषद शाळेत एका बसकरपट्टीवर शेजारी बसायचो. चौथीची शाळा नुकतीच सुरू झाली होती, पेरणीचे दिवस होते, आणि दगडोबाला ताप आला. ताप डोक्यात गेला. नांदेडच्या दवाखान्यातून दीड महिन्यानं तो जिवंत परत आला, पण कान गेले ते गेलेच. बोलता येत होतं, कारण नऊ वर्षं तो बोलतच आला होता. फक्त स्वतःचा आवाज त्याला कळत नव्हता. वर्गात मधेच मोठ्यानं काहीतरी विचारायचा. मास्तर दचकायचे आणि माझ्यावर ओरडायचे, शेजारी बसतोस तर त्याला गप्प कर म्हणून. चार दिवस मी सहन केलं. पाचव्या दिवशी दप्तर उचललं आणि मागच्या पट्टीवर जाऊन बसलो. त्यानं वळून बघितलं, काही विचारलं नाही. वर्ष संपलं तशी त्याची शाळाही संपली. पुढं रद्दीतले वर्तमानपत्राचे कागद वाचत वाचत तो चांगलं वाचायला शिकला, ते त्याचं त्यानंच.

ही पट्टी बदलल्याची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मी आता स्वतः मास्तर आहे, वर्गात लेकरं जागा बदलतात तेव्हा मला ती आठवते.

दगडोबाचे वडील ग्यानोबा आबा. देवळाच्या रस्त्यावर त्यांचं पूजेच्या सामानाचं छोटं दुकान आहे. नारळ, फुटाणे, बत्तासे, हार. दगडोबाची बायको शिवकन्या दुकानात बसते, आबा बाहेर खुर्ची टाकून बसतात. आबांच्या मिशा दाट, पांढऱ्या, वरचा ओठ पूर्ण झाकणाऱ्या. दगडोबा समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखतो. पण आबांच्या बाबतीत तो सरळ सांगायचा, "आबाचं मला एक अक्षर कळत न्हाई." आबांनाही ते ठाऊक असावं. ते लेकाशी बोलायचेच नाहीत. काही सांगायचं असलं तर शिवकन्येला सांगायचे, तेही तो समोर उभा असताना. "त्याला म्हणावं, नारळाचं पोतं उतरून घे." शिवकन्या मग नवऱ्याकडं तोंड करून तेच वाक्य परत म्हणायची. तेहतीस वर्षं बाप-लेकाचं बोलणं असं दुसऱ्याच्या तोंडून चाललेलं. आधी आईच्या, ती गेल्यावर शिवकन्येच्या.

दगडोबाचा धंदा म्हणजे लाइट धरणं. हिंगोलीत रूपसिंग ठाकूर म्हणून लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढणारे आहेत. त्यांच्याकडं तो चौदा वर्षं लाइट धरतो. आधी तापून लाल होणारा हॅलोजन होता, आता एलईडीची हलकी पाटी आली. फोटोवाला पुढं, हा त्याच्या बाजूला किंवा मागं, दहा पावलांवर, हात वर करून उभा. रूपसिंग स्वतः मला म्हणाले होते की असा माणूस जिल्ह्यात नाही. नवरीच्या नाकाची सावली गालावर पडू लागली की सांगायच्या आधीच दगडोबाचा हात वीतभर वर गेलेला असतो. रूपसिंगांचा जुना कॅमेरा त्यानं विकत घेतला होता. फावल्या वेळात नदीकडं, शेतात, दुकानासमोर तो फोटो काढायचा. कुणाला दाखवायचा नाही.

"आत्ताच काहून सुचलं हे?" मी त्याच्या छोट्या वहीत लिहिलं. ही वही तो कायम खिशात ठेवतो. लांबचं बोलणं असलं की लिहावं लागतं.

त्यानं वाचलं आणि उन्हाळ्यातली वसमतची गोष्ट सांगितली. हळदीच्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडचं लग्न होतं. दुपारचा मुहूर्त, मंडपात अंगाची लाही होत होती. मंगलाष्टका सुरू झाल्या आणि रूपसिंगांना घेरी आली. ते खालीच बसले. दुसरा माणूस व्हिडिओवर अडकलेला. रूपसिंगांनी गळ्यातला कॅमेरा काढला. समोर दगडोबा उभा होता, शेजारी गाडीचा ड्रायव्हर. रूपसिंगांनी कॅमेरा ड्रायव्हरच्या हातात दिला.

"चौदा वर्षं," दगडोबा म्हणाला. "आन् त्या ड्रायव्हरनं कधी कॅमेरा धरला नव्हता. अंतरपाट खाली आला तवा त्यो अजून बटन हुडकून राहिला व्हता."

"त्यांना वाटलं असेल तुला ऐकू येत नाही, मंगलाष्टका कधी संपतात ते कसं कळणार," मी लिहिलं.

त्यानं मान हलवली. "अंतरपाट खाली यायच्या आधी भटजीचा अंगठा सैल पडतो. दरवेळी. मला ऐकायचं काय काम?"

दगडोबाच्या आवाजाला चढउतार नाही. राग असो, दुःख असो, सगळं एकाच पट्टीत बाहेर पडतं. त्यामुळं त्याच्या बोलण्यातलं दुःख ऐकणाऱ्याला उशिरा समजतं.

त्याचं म्हणणं एवढंच होतं की हातात प्रमाणपत्र असलं तर पुढच्या वेळी कॅमेरा आपल्या हातात येईल. आणि घरी बसून शिकायचं म्हणजे वर्गात बसायला नको, शिकवणाऱ्याचे ओठ दिसले नाहीत म्हणून अडायला नको.

दुसऱ्या दिवशी मी हिंगोलीला रूपसिंगांच्या दुकानात गेलो. त्यांनी चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ काचेखालचे फोटो सरळ करत बसले.

"गुरुजी, झूठ नहीं बोलूंगा," ते म्हणाले. "कागद बघून कुणी कॅमेरा देत न्हाई. माझ्याकडं कुठं हाय कागद? पोरीचा बाप इथं येतो, तो फोटो बघतो आणि माणूस बघतो. दगडोबाच्या हातात कॅमेरा दिला आन् कुणी मागून हाक मारली, त्याला कळलं न्हाई, तर लोक मला बोलणार. वसमतला मी चुकलो असंल. पण त्या घडीला डोक्यात तेच आलं."

"मग कोर्स करू नये म्हणता?"

"नोकरीसाठी करू नये. शिकायसाठी करायचा तर त्याचं तो बघंल. फसू नका म्हणावं."

मी हे जसंच्या तसं दगडोबाला लिहून दिलं. त्यानं दोनदा वाचलं. मग म्हणाला, "तू फोन करून इच्यार. समदं लिहिलेलं असतंय का, तेवढंच इच्यार."

मी फोन केला. पलीकडं एक मुलगी होती, हिंदीत बोलत होती, घाईत होती. मी विचारलं, सगळं लिखित आहे ना? ती म्हणाली, हो सर, नोट्स मिळतात, सगळं मिळतं. मी पुढं विचारायला हवं होतं की शिकवतात कसं. ज्याच्यासाठी विचारतोय त्याला ऐकू येत नाही, हे सांगायला हवं होतं. शाळेची मधली सुट्टी संपत आली होती. मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. संध्याकाळी अंगठा वर करून दगडोबाला 'हो' सांगितलं. त्यानं फी भरली.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा ओट्यावर बसलेला दिसला. मोबाइल माझ्या हातात दिला. धडा म्हणजे व्हिडिओ होता. पडद्यावर एकामागून एक फोटो सरकत होते आणि मागून एका माणसाचा आवाज येत होता. त्याचं तोंड कुठंच दिसत नव्हतं. खाली आपोआप अक्षरं उमटायची सोय होती, पण ती अक्षरं भलतीच. 'रोशनी'च्या जागी एकदा 'रोहिणी' आली होती. नोट्स म्हणून जे होतं ते पानभर शब्दांची यादी.

"ह्यो माणूस काय म्हणून राहिला?" दगडोबानं विचारलं.

मला मान वर करता येईना. चूक माझी होती. मी वहीत लिहिलं, 'मी नीट विचारलं नाही. पैसे परत मागू. पंधरा दिवस आहेत.'

त्यानं वही मिटली. "पंधरा दिवस हाईत नं? मंग थांब. हा पहिला धडा मला लिहून दे. त्यात एक फोटू काढून पाठवाया सांगितलंय. तेवढा पाठवतो. तिकडून काय येतंय ते बघू, मंग ठरवू."

त्या संध्याकाळी मी कानात हेडफोन घालून बसलो आणि वीस मिनिटांचा व्हिडिओ थांबवत थांबवत मराठीत उतरवून काढला. खिडकीतून येणाऱ्या उजेडात चेहरा कसा टिपावा, असा धडा होता. लिहिता लिहिता जाणवलं की यातलं बरंचसं दगडोबा मला कधीच सांगून गेलाय. त्यानं पानं वाचली आणि दोन ठिकाणी पेन्सिलीनं खूण केली. "हे बराबर न्हाई. पांढरी भिंत समोर असली तर असं करायची गरज न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं शिवकन्येचा फोटो काढला. दुकानात ती हार ओवत बसली होती. रस्त्यापलीकडच्या चुन्याच्या भिंतीवर ऊन पडलं होतं, आणि त्या भिंतीवरून परतलेला उजेड दुकानाच्या अंधारात येऊन तिच्या कपाळावर, बोटांवर, झेंडूवर बसला होता. फोटो मी मोबाइलवर मोठा करून बघितला. शिवकन्येला मी अठरा वर्षं बघतोय. ती इतकी थकलेली असते हे मला त्या फोटोत दिसलं.

"भाऊजी, मी एवढी म्हातारी दिसून राहिले का?" तिनं विचारलं.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "छान आलाय."

फोटो पाठवला. पाच दिवस काही आलं नाही. फी परत मागायची मुदत संपायला आठवडा उरला होता. मी रोज आठवण करून देत होतो. सहाव्या दिवशी उत्तर आलं. फोटो तपासणाऱ्या बाईंचं नाव मंजुषा होतं. त्यांनी मराठीत लिहिलं होतं, आणि ते मी इथं आठवणीतून देतो.

'उजेड तुम्हाला कळतो. त्याबाबतीत मला तुम्हाला शिकवण्यासारखं फारसं काही नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण तुम्ही लांब उभे आहात. या बाई तुमच्यापासून दहा फुटांवर तरी आहेत आणि तुम्ही झूम करून त्यांना जवळ आणलं आहे. असा फोटो दुरून बघितल्यासारखाच दिसतो. तुम्ही नेहमी इतक्या अंतरावर का थांबता? पुढच्या वेळी झूम करू नका. पावलं टाका. हात लांब केला तर माणसाला लागेल इतक्या जवळ जा, आणि मग काढा.'

मी मोबाइल दगडोबाला दिला. त्यानं वाचलं. पुन्हा वरून वाचलं. मग उठून दुकानाच्या कडेला गेला आणि रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. लाइट धरणारा माणूस दहा पावलांवर उभा असतो, चौदा वर्षं तो तिथंच उभा होता, हे मला लगेच समजलं. त्याच्या आधीचीही वर्षं होती. कुणी काही विचारलं आणि कळलं नाही तर शरम वाटू नये म्हणून तो लग्नात, जत्रेत, बैठकीत सगळ्यांपासून थोडा अलग उभा राहायचा. त्या अलग उभं राहण्याची सुरुवात कुठल्या पट्टीवर झाली, हे मला ठाऊक होतं.

परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, "आजपस्तोर माझा फोटू बघून कुणी काही बोललं न्हाई. चांगला म्हणतेत, न्हाईतर मान हलवतेत."

"मग काय करायचं? पैसे परत मागायचे?" मी लिहिलं.

"शनवारपस्तोर येळ हाय. एक फोटू काढतो. जवळून."

तो फोटो त्यानं आबांचा काढायचं ठरवलं. का, ते मी विचारलं नाही. शुक्रवारी सकाळी शाळेला जायच्या आधी मी दुकानापाशी थांबलो होतो, म्हणून जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं.

आबा नेहमीप्रमाणं बाहेर खुर्चीवर बसले होते. दगडोबा कॅमेरा घेऊन त्यांच्या समोर आला आणि आणखी पुढं आला. मग गुडघ्यावर बसला. आबांच्या गुडघ्याला त्याचा गुडघा लागत होता. आबा मागं सरकले, पण खुर्चीच्या मागं भिंत होती.

"ह्याला म्हणावं, काय लावलंय," आबा शिवकन्येला म्हणाले.

"फोटो काढून राहिलेत तुमचा," ती म्हणाली. "बसा की जरा."

आबा बसले. दगडोबानं कॅमेरा डोळ्याला लावला नाही. नुसता बघत राहिला. उजेड कुठून येतोय ते बघत असेल असं मला आधी वाटलं. आबांना मात्र लपायला जागा उरली नाही. इतक्या जवळून लेकानं आपल्याकडं बघण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी नजर खाली वळवली, मग बाजूला, मग नाइलाजानं समोर.

"शिवकन्या," ते म्हणाले, "त्याला सांग."

"काय सांगू?"

"त्याला सांग की पेरणीमुळं झालं. बैल भाड्यानं आणलेले व्हते, ते परत द्यायचे व्हते. म्हणलं, ताप हाय, उतरंल. तीन दिवस म्या शेतातच व्हतो. तीन दिवस लेकरू घरी जळत राहिलं. सांग त्याला."

शिवकन्येच्या हातात नारळ होता. तिनं तो खाली ठेवला. एवढी वर्षं ती एकाचं दुसऱ्याला सांगत आली होती. आज ती म्हणाली, "आबा, हे म्या न्हाई सांगणार. तुमीच सांगा."

"मला कसं येईल? त्याला माझं कळत न्हाई."

रस्त्यावरून दर्शनाला आलेल्या बायकांचा घोळका गेला. आबांनी लेकाकडं बघून ओठ उघडले. काहीतरी म्हणाले, मलाही ते ऐकू आलं नाही. त्याच वेळी दगडोबानं कॅमेरा उचलला आणि बटन दाबलं. एकदाच.

मग तो उठला आणि माझ्यापाशी आला. "आबा काय म्हणत व्हते?"

शिवकन्या माझ्याकडं बघत होती. माझ्या मनात आलं, काहीतरी साधं लिहावं, आणि त्याच्या आयुष्यात एवढ्या उशिरा हे ओझं आणू नये. पण फोनवर मी अर्धंच विचारून त्याला एकदा फसवलं होतं. मी वहीत आबांचं वाक्य न् वाक्य लिहिलं. पेरणी, भाड्याचे बैल, तीन दिवस.

त्यानं सावकाश वाचलं. ओठ हलवत वाचायची त्याची सवय आहे. वाचून झाल्यावर त्यानं माझ्या हातातली पेन्सिल घेतली, 'तीन' वर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'दोन'.

"दोनच दिवस झाले व्हते," तो म्हणाला. त्याच्या त्या चढउतार नसलेल्या आवाजात, मोठ्यानं, आबांना ऐकू जाईल असं. "तिसऱ्या दिशी सकाळी आबानं मला खांद्यावर घेतलं. फाट्यापस्तोर चालत गेले. गाडी न्हाई भेटली तं फुडं बी चालत गेले. मला समदं याद हाय. त्यांच्या मानंला घाम व्हता, त्यो माझ्या तोंडाला लागत व्हता."

आबांनी धोतराचा सोगा तोंडावर घेतला. त्यांचे खांदे हलत होते. शिवकन्या आत दुकानात गेली आणि काही काम नसताना डबे पुसू लागली. मला शाळेला उशीर झाला होता, पण पाय निघेना. दगडोबा आबांच्या शेजारी जमिनीवर बसला. आबांनी सोगा खाली केला आणि लेकाच्या दंडावर हात ठेवला.

तो फोटो मी संध्याकाळी बघितला. आबांचं तोंड अर्धं उघडं, मिशांच्या खाली खालचा ओठ दिसतो, डोळ्यांत पाणी नाही पण ते यायच्या बेतात आहे. बोलणं तोंडातून निघायच्या आधीचा क्षण. मी मास्तर माणूस, मला फोटोतलं काही कळत नाही, तरी एवढं सांगतो की आपल्या बापाकडं आपण असं कधी बघितलेलं नसतं.

"ठरलं," दगडोबा म्हणाला. "परत मागायचं न्हाई. पहिला टप्पा करतो."

"त्या बाईंसाठी?" मी लिहिलं.

"त्यांनी सांगितलं नसतं तर म्या लांबच राहिलो असतो."

मंजुषा बाईंना मी पत्र लिहिलं की तुमच्या विद्यार्थ्याला ऐकू येत नाही आणि तुमचे धडे फक्त ऐकू येणाऱ्यांसाठीच आहेत. त्यांना हे माहीतच नव्हतं. त्यांनी माफी मागितली, आणि त्यांच्या हातात जे होतं ते केलं. तपासणीचं लिहिणं वाढवलं. इतरांना चार ओळी लिहायच्या तिथं त्याला पानभर लिहू लागल्या. व्हिडिओ मात्र तसेच राहिले. ते मी उतरवत गेलो. आठवड्यातले दोन दिवस, शाळा सुटल्यावर. काही धडे अगदीच साधे होते, काही मला समजायचे नाहीत आणि दगडोबा मला समजावून सांगायचा. एकदा तर एका धड्यात लिहिण्यासारखं काही नाही असं मी म्हणालो, तेव्हा त्यानं मला बसवून तोही लिहून घेतला. "फी भरलीय," म्हणाला.

चार महिने संपले. दुसऱ्या टप्प्याचं विचारणारा फोन माझ्याकडंच आला, नंबर माझा दिला होता. या वेळी मी सगळं विचारलं, काय शिकवतात, कसं, कोण तपासतं. मंजुषा बाई त्या टप्प्याला नव्हत्या. धडे दागिने, कपडे, हॉटेलातले पदार्थ यांच्या फोटोंचे होते. मी लिहून दिलं. दगडोबानं वाचून कागद परत केला. "मला माणसं पायजेत," एवढंच म्हणाला. दुसरा टप्पा त्यानं केला नाही. पहिल्या टप्प्याचं प्रमाणपत्र मोबाइलवर आलं होतं, ते त्यानं बघितलं आणि तसंच राहू दिलं.

रूपसिंगांचं म्हणणं खरं ठरलं. त्या कागदानं कॅमेरा मिळाला नाही. पण आबांचा फोटो मी त्यांना दाखवला. ते उभे होते, ते बसले. चष्मा काढून पुसला, परत लावला. "हा दगडोबानं काढला?" एवढंच विचारलं. पुढच्या लग्नापासून त्यांनी एक काम त्याला दिलं. नवरानवरीचे आजी-आजोबा, मंडपात येऊ न शकणारी म्हातारी माणसं, त्यांचे बसून फोटो. ती माणसं ऐकण्या-बोलण्याच्या घाईत नसतात. मंगलाष्टकांचे फोटो अजून रूपसिंगच काढतात, आणि बाकीच्या वेळी दगडोबा अजून लाइटच धरतो. त्याबद्दल त्याला वाईट वाटतं का, ते मी विचारलेलं नाही. वाटत असणार.

आमच्या शाळेत कुणी कुणी मला विचारतात की असला कोर्स करावा का. मला हो किंवा नाही असं सांगता येत नाही. मी सांगतो की आधी नीट विचारा. कसं शिकवतात, कोण तपासतं, तो माणूस तुमचं काम बघून खरं बोलतो का. यापलीकडं मला काही माहीत नाही.

मागच्या महिन्यात वसमतला ओळखीच्यांच्या एका लग्नाला गेलो होतो. रूपसिंगांचीच माणसं फोटोला होती. मंडपाच्या मागच्या खोलीत नवऱ्या मुलाची आजी बाजेवर बसली होती, आणि तिच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून, दगडोबा. ती त्याला काहीतरी सांगत होती. कोरड्या विहिरीचं, मेलेल्या थोरल्या लेकाचं, कुठल्यातरी जुन्या दुष्काळाचं. एकातून दुसरं निघत होतं.

"मावशी," दगडोबा म्हणाला, "सावकाश बोला. मला ऐकू येत न्हाई, पर तुमचं तोंड दिसतंय."

म्हातारी थांबली. त्याच्याकडं निरखून बघितलं. मग पहिल्यापासून, एकेक शब्द तोडून, परत सांगू लागली. त्यानं कॅमेरा मांडीवर ठेवला. मंडपात पंगती बसत होत्या, कुणीतरी मला जेवायला हाका मारत होतं, आणि त्या दोघांचं बोलणं अजून चाललेलं होतं.